आवाज बंद करून खेळायचा गेम

आमच्या पुण्याच्या ऑफिसात दुपारच्या डब्यावर एखादा विषय निघाला की आठवडाभर तरी तो मिटत नाही. मागे असाच एक निघाला. लहानपणी जीव टाकून खेळलेले व्हिडिओ गेम आता पुन्हा खेळावेत की नाही? निम्मे म्हणाले, खेळावेत की, फोनवर फुकट मिळतात, तेवढीच मजा. बाकीचे म्हणाले, चुकूनसुद्धा खेळू नयेत, चांगल्या आठवणीची माती होते. मी दोन्ही बाजूंनी भांडले, कारण मला भांडायला आवडतं, आणि संध्याकाळी घरी जाऊन आमचा टँकचा गेम गुपचूप फोनवर उतरवून घेतला.

हा गेम अगदी साधा. पडद्यावर विटांच्या भिंती. वरून शत्रूचे टँक सुटायचे, आणि खाली मधोमध आपलं इवलंसं ठाणं, ते दोघांनी मिळून सांभाळायचं. एकाचा टँक लाल, एकाचा पांढरा. ठाणं पडलं की खेळ खल्लास. मी सोफ्यावर मांडी घालून बसले, बटण दाबलं, आणि फोनमधून अशी काही पिपाणी वाजली की मी दचकून तो बाजूलाच टाकला. गेमला गाणं होतं. गोळी सुटली की फट्, वीट पडली की खळ्, आणि शत्रूचा एक सुसाट पळणारा टँक होता, तो यायचा असला की आधी शिट्टी. म्हणजे त्याची वर्दी आधी मिळत होती, आणि आम्ही दोघी बहिणी कित्येकदा त्याच्या तावडीत सापडून फुकटच्या फुकट मेलो होतो. आमच्या गेमला आवाज होता, हे मला चाळिशी ओलांडल्यावर कळलं.

याला कारण होती नानांची झोप.

नाना म्हणजे माझे वडील. सोलापुरात भवानी पेठेत आमचं दोन खोल्यांचं घर, आणि जवळच्याच एका कारखान्यात नाना माग चालवायचे. आमच्या पेठेत कारखाना म्हटलं की चादरी-टॉवेलांचे माग, दुसरं काही कुणाच्या मनात येत नाही. नानांची पाळी कायम रात्रीची. सकाळी घरी यायचे, आंघोळ करून भाकरी खायचे, आणि बाहेरच्या खोलीतल्या कॉटवर टीव्हीकडे पाय करून आडवे व्हायचे. डोळ्यांवर टॉवेलची घडी. माझ्या मामाने हैदराबादहून आणलेला व्हिडिओ गेम त्याच खोलीतल्या टीव्हीला लागणार होता, त्यामुळे अम्माने, म्हणजे आईने, पहिल्याच दिवशी कायदा केला. "खेळायचं तर खेळा. पण ह्यांची झोप मोडली, तर ते डबडं उकिरड्यावर जाईल." टीव्हीचा आवाज शून्यावर गेला आणि तिथंच राहिला. बोलायचं नाही, आणि खिदळायचं तर तोंडात ओढणी कोंबून.

आमच्या घरात अर्धं तेलुगू आणि अर्धं सोलापुरी मराठी चालतं. अम्मा रागावली की तेलुगूत जाते, माझी थोरली बहीण अक्का रागावली की मराठीत येते. इथं मी सगळ्यांना मराठीतच बोलायला लावणार आहे, नाहीतर मलाच भाषांतरं करत बसावं लागेल.

तर, दोघींनी मिळून खेळायचा गेम आणि तोंडं बंद, हे जमावं कसं? ते जमलं नानांमुळेच. संध्याकाळी त्यांचा डबा पोचवायला आम्ही कारखान्यात जायचो. आत इतके माग एकदम खडखडत असायचे की शेजारच्याने कानात ओरडलं तरी पत्ता लागू नये. म्हणून तिथली माणसं हातांनी बोलायची. दोन बोटं जुळवून झटक्यात फाकवली, की धागा तुटला. अंगठा ओठाला लावला, की चहा आला. आणि हात डोक्यावर नेऊन मूठ दोनदा उघडली-मिटली, की इकडे ये, मला एकट्याला होत नाही. सूत गुंडाळलेला जडशीळ बीम मागावर चढवायचा असला की ही खूण व्हायची. ज्याला बोलावलं त्याने छातीवर तळवा मारायचा, म्हणजे आलो. आणि एकदा छातीवर हात मारला की हातातलं काम सोडून जायचंच, असा तिथला रिवाज. नुसतं आलो-आलो करून जागेवर राहणाऱ्याकडे पुढे कुणी बघायचंही नाही.

नाना दुसऱ्याच्या हाकेला सगळ्यांच्या आधी धावायचे. पण त्यांनी स्वतः डोक्यावर हात नेलेला मी कधी पाहिला नाही. बीम एकट्याने चढवायला जायचे आणि मग कंबर धरून बसायचे. कुणी काही विचारलं की त्यांचं एकच वाक्य, "मला काय झालंय?" ताप आला तरी तेच, बोटात सुई गेली तरी तेच. अम्मा म्हणायची, हे वाक्य ह्यांच्या बारशातच ठेवलेलं असणार.

कारखान्यातल्या त्या खुणा आम्ही जशाच्या तशा घरी आणल्या. माझा टँक उडाला, की धागा तुटला. पाणी प्यायला थांबायचं, की चहा आला. शत्रूंनी कोपऱ्यात गाठलं, की डोक्यावर मूठ. अक्का माझ्याहून मोठी आणि जन्मजात मास्तरीण. मी छातीवर हात मारून मोकळी व्हायचे आणि जायचे भलतीकडेच, भिंती फोडायला. मग माझ्या मांडीला असा चिमटा बसायचा की बस. एकदा तिने मला मोरीत नेऊन, दार लावून, कुजबुजत दम भरला होता. "आलो केलंस की यायचंच. न्हाईतर करूच नको."

एक खूण मात्र कारखान्यातली नव्हती. ती माझी. तो सुसाट टँक मला इतका घाण वाटायचा की तो दिसला की मी नाक चिमटीत धरायचे. अक्का आधी हसली, मग तिनेही ती उचलली. नाक धरलं, की घाणेरडा आला. ही खूण जगात दोघींनाच ठाऊक होती. तिचा आम्हाला केवढा अभिमान होता हे आता सांगताना हसू येतं, पण होता.

पुण्यात सोफ्यावर बसून मी फोनचा आवाज शून्यावर केला आणि पुन्हा खेळून पाहिलं. तरी काही जमेना. मी एकटीच त्या ठाण्याभोवती गरागरा फिरत होते. शेजारी गुडघा नाही, चिमटा नाही, मागून नानांचं घोरणं नाही. घाणेरडा आला, शिट्टी न वाजवता आला, आणि मला नाक धरायचंही सुचलं नाही. मी तो गेम फोनमधून काढून टाकला. दुसऱ्या दिवशी डब्यावर जाहीर करून टाकलं की जुने गेम अजिबात खेळू नयेत, आणि माझ्यापुरता विषय मिटवला.

त्याच सुमारास अम्माचे फोन वाढले.

नानांचे कान हळूहळू गेले. मागावर आयुष्य काढलेल्या माणसाचं जे होतं तेच. आधी दाराची कडी ऐकू येईना, मग कुकरची शिट्टी, मग आम्ही. आम्ही दोघी बहिणींनी कानाचं मशीन आणून दिलं. त्यात माणसांपेक्षा पंखाच जास्त ऐकू येतो, असं म्हणून त्यांनी ते काढून ठेवलं. आता ते बिस्किटाच्या डब्यात, सुईदोऱ्याशेजारी असतं. फोनवर माझ्याशी बोलणं कधीच बंद झालेलं. पण अम्मा सांगत होती ते त्याच्या पुढचं होतं.

"चौकातल्या चहालाबी जाईनात आता," ती म्हणाली. "तितं सगळे हसतेत तवा ह्यांना अंदाजानं हसाया लागतंय. म्हणून जाईचंच सोडलं. दिवसभर त्या कॉटवर. माणूस घरात हाय आन् न्हाई."

"तू बोलत जा की त्यांच्याशी."

"मी बडबडायलेय आन् ते व्हय व्हय करायलेत. काल म्हणलं, घराला आग लागलीय. तरी व्हय म्हणाले."

मी हसले, आणि फोन ठेवला. मला भीती वाटली. नाना आमच्यातून उठून जात होते आणि कुणाला दार वाजलेलंही ऐकू येत नव्हतं. पुण्याला या, चांगल्या डॉक्टरला दाखवू, असं मी मागे त्यांच्या कानाशी ओरडून सांगितलं होतं. उत्तर ठरलेलं, "मला काय झालंय?"

शेवटी घटस्थापनेच्या आधी मी रजा टाकून सोलापूर गाठलं. निमित्त साफसफाईचं. त्या दिवसांत अम्मा घराचा एकही कोपरा सोडत नाही, आणि कोपरे संपले की माणसांच्या मागे लागते. अक्का सोलापुरातच असते, शाळेत शिकवते. तीही आली. नाना कॉटवर बसलेले. मी वाकून नमस्कार केला, त्यांनी डोक्यावर हात ठेवला, "बरी हायस?" विचारलं, आणि मी काय सांगतेय ते न ऐकताच व्हय म्हणाले. मग खिडकीकडे तोंड केलं. मला इतका राग आला. त्यांचा नाही, कसलातरी.

मी माळ्यावर चढले, अक्का खाली झेलायला. पितळेची पातेली, फाटकी सूटकेस, आमची शाळेची दप्तरं. आणि एका जुन्या चादरीत बांधलेलं गाठोडं. सोडलं तर आत आमचा व्हिडिओ गेम. पांढरा होता, त्याचं हळदीचं फडकं झालेलं. दोन्ही रिमोट वायरी गुंडाळून नीट ठेवलेले. कॅसेटवर हजारो गेम असल्याचं छापलेलं, खरे निघायचे पाच-सहा. आणि भोवती डांबराच्या गोळ्या. ज्या बाईने हे डबडं फेकून देण्याची धमकी आम्हाला रोज दिली, तिने ते रेशमी साडीसारखं जपलं होतं. विचारलं तर म्हणाली, "फेकायचं राहून गेलं."

"लावायचा?" मी विचारलं.

"नको," अक्का म्हणाली.

"का गं?"

"असू दे की तसाच. मागे मी गड्ड्याच्या जत्रेत मोठ्या पाळण्यात बसले, आठवतंय? लहानपणी खाली उतरायला नको वाटायचं. ह्या वेळी वर गेल्यावर मला फक्त नटबोल्ट दिसायले होते. डोळे मिटून देवाचं नाव घेत बसले. आता जत्रा म्हणलं की मला ते नटबोल्टच आठवतेत."

मला तिला सांगायला हवं होतं की फोनवर माझंही तेच झालंय, आणि माझं आता तुझ्यासारखंच मत आहे. पण अक्का एक म्हणाली की मी दुसरं म्हणायचं, ही आमची जुनी सवय. मी म्हटलं, आपण लावूयाच. ती म्हणाली, मुळीच नको. मग आतून अम्मा ओरडली, "डोकं खाऊ नका दोघी. चालला तर चालला, न्हाईतर भंगारवाल्याला घालते." झालं.

गेमचा अडॅप्टर मेला होता. गल्लीच्या तोंडाशी मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, तिथे जुळणारा एक मिळाला. आम्ही घेऊन दिलेल्या नव्या टीव्हीच्या मागे पिवळी-तांबडी भोकं होती, हे नशीब. कॅसेट खाचेत बसवली, काहीच नाही. काढली, जोरात फुंकर मारली, परत बसवली. पडदा थरथरला आणि टँक आले. आम्ही दोघी कॉटला पाठ टेकून फरशीवर बसलो, पूर्वी बसायचो तिथंच. कॉटवर आमच्या मागे नाना, खिडकीकडे तोंड करून.

आवाज बंद ठेवायचं आता काही कारण नव्हतं. ज्यांच्यासाठी ठेवायचा त्यांना काहीच ऐकू जाणार नव्हतं. ते मनात आलं आणि नकोसं वाटलं. अक्कालाही आलं असणार, कारण तिने मुद्दाम टीव्हीचा आवाज चांगला मोठा केला. पिपाणी सुरू झाली.

"अगं बाई, ह्याला गाणं हाय?" ती म्हणाली.

आम्ही वाईट खेळलो. इतकं वाईट की मला शरम वाटली. डावीकडे जा, अगं तुझ्या डावीकडे, गोळी मार, मला का मारायलीस, असा नुसता कालवा. तोंडाने बोलायला लागलो की दोघींना एकदम बोलायचं असायचं. ठाणं पडलं. परत पडलं. गेम दिसायलाही भिकारच होता, विटा म्हणजे चौकोनी ठिगळं. अक्का शाळेतल्या आवाजात म्हणाली, "सांगितलं होतं की." तिचा चेहरा पडला होता, आणि माझाही पडला असणार.

तेवढ्यात अम्मा स्वयंपाकघराच्या दारात आली. मावशीशी फोन चालू होता, त्यावर हात ठेवून म्हणाली, "ती पिपाणी आधी बंद करा गं. मला काय ऐकू येईना." अक्काने आवाज शून्यावर केला. मी म्हटलं, एक शेवटचा डाव, मग बांधून ठेवू.

खोली शांत झाली. लांब कुठेतरी माग चालू होते तेवढेच. मी रिमोट उचलला, अक्काने गुडघा माझ्या गुडघ्याला टेकवला. मुद्दाम नव्हे, सवयीने. आणि आम्ही बोलायच्या थांबलो. तिने हनुवटीने दाखवलं, मी गेले. माझा टँक उडाला, मी दोन बोटं फाकवली. तिला कोपऱ्यात गाठलं, तिची मूठ डोक्यावर गेली, मी छातीवर हात मारला आणि खरंच गेले. अडकलो होतो तो टप्पा पार झाला, त्याच्या पुढचाही झाला. हात कुठून शिकून आले होते कोण जाणे. मला डोक्याने काही करावंच लागत नव्हतं, आणि मी आनंदात होते. अगदी साधा, मूर्ख आनंद.

तेवढ्यात माझ्या खांद्यावर कुणीतरी टपली मारली.

मी मागे पाहिलं. नाना खिडकीकडून वळले होते. कॉटच्या कडेला पुढे सरकून बसले होते, टीव्हीकडे बघत होते, आणि त्यांनी आपलं नाक चिमटीत धरलं होतं. दुसऱ्या हाताने पडद्याचा उजवा कोपरा दाखवत होते. तिथून घाणेरडा निघाला होता.

मी अक्काला ढोसलं. तिनेही मागे पाहिलं. आम्ही दोघी त्यांच्याकडे बघत राहिलो आणि तिकडे ठाणं पडलं. नाना वैतागले. "बगा! म्हणलं की मी, आला म्हणून."

अक्का गुडघ्यावर उठून त्यांच्याकडे वळली. त्यांना ओठांवरून थोडं कळतं, म्हणून तोंड मोठं करत म्हणाली, "नाना, ही खूण तुमाला कुटनं ठाऊक?"

"तुमीच करायच्या की."

"तुमी तर झोपलेले असायचे!"

"झोप कुटली येतीय लगेच?" नाना म्हणाले. कान गेल्यापासून ते एकतर काही बोलत नाहीत किंवा चौकाला ऐकू जाईल असं बोलतात. "रातभर ते माग डोक्यात वाजायचे. पडल्या पडल्या टॉवेलखालनं बगत बसायचो. ही थोरली लई चिमटे काढायची तुला."

"मग सांगितलं का न्हाई कधी?" मी विचारलं. त्यांना कळलं नाही. मी परत विचारलं, हात हलवून.

"सांगितलं असतं तर आवाज लावला असता तुमी," ते म्हणाले. "मग खुणा कशाला केल्या असत्या? मला तेच बगायचं होतं. माझ्या पोरी माझ्यासारख्या बोलायल्यात."

मला रडू आलं. लपवायचाही प्रयत्न केला नाही, अक्का तर आधीच ओढणीत तोंड खुपसून बसली होती. अम्मा दारातून म्हणाली, "आता काय झालं?" आणि फोनवरच्या मावशीला म्हणाली, "काय न्हाई गं, ह्या दोघी खेळायल्यात."

नाना कॉटवरून खाली उतरले. गुडघ्यांनी कुरकुर केली, ती त्यांनी ऐकली नाही असं दाखवलं. अक्काने आपला रिमोट त्यांच्या हातात दिला. पहिल्या डावात त्यांनी वळून सरळ आपल्याच ठाण्यावर गोळी झाडली. खेळ खल्लास. आम्ही हसून हसून आडव्या झालो. "मला काय झालंय?" म्हणून नानांनी लगेच दुसरा डाव लावायला सांगितला.

त्यांना बटणं जमायला वेळ लागला, पण नजर पक्की होती. एकावेळी चार-चार माग सांभाळलेला माणूस, त्यांना सगळा पडदा एकदम दिसायचा. माझ्या मागून कोण येतंय हे मला कळायच्या आत त्यांचा हात नाकाशी जायचा. ते दोन दिवस साफसफाई अम्मानेच केली, आम्हाला शिव्या देत. पण चहा-जेवणाला हाक मारायची तेव्हा ती दारात येऊन अंगठा ओठाला लावायची. तीही कधीकाळी कारखान्यात सुताच्या कांड्या भरायला जायची, हे मी विसरलेच होते. कॉटवर, जेवताना, भांडी पुसताना आम्ही हातांनी बोलत होतो. नाना हसत होते, आणि अंदाजाने नाही.

सगळं काही बदललं असं मात्र सांगणार नाही. मशीन डब्यातच राहिलं. चौकातल्या चहाला ते गेले नाहीत. पुण्याला येण्याचं काढलं तर खिडकीकडे तोंड फिरलं. आणि एक गोष्ट मी बघत होते. खेळताना ते आमच्या हाकेला धावायचे, स्वतः कितीही वेढले गेले तरी त्यांची मूठ काही डोक्यावर जायची नाही. तीन-तीन टँक अंगावर आले तरी एकटेच लढायचे, उडायचे आणि दोन बोटं फाकवून दाखवायचे. अक्का न बोलावताच त्यांच्या मदतीला जायला लागली, तर तिला हाताने परतवायचे. मी अक्काला म्हटलं, "हे काही सुधारायचे नाहीत." ती म्हणाली, "तू सुधारलीस का?"

रजा संपली. अक्काची शाळा होती, ती सकाळीच निघून गेली. दुपारच्या बसने मी निघणार होते. अम्माने शेंगाचटणीची पिशवी माझ्या बॅगेत कोंबली, त्यावर कडक भाकऱ्या. एरवी मी निघताना नाना कॉटवरच असतात. निरोपाची बोलणी कळत नाहीत, मग कशाला उठायचं. त्या दिवशी ते दारापर्यंत आले. मी वाकून नमस्कार केला, त्यांनी डोक्यावर हात ठेवला.

रिक्षात बॅग टाकली, बसले. रिक्षावाल्याने इंजिन सुरू केलं, आणि त्या फटफटीत अम्मा काय सांगत होती तेही ऐकू येईना. रिक्षा हलली. मी बाहेर डोकं काढून मागे पाहिलं. नाना उंबऱ्यावर उभे होते. त्यांनी हात वर केला. मला वाटलं, अच्छा करतायत, म्हणून मीही हात वर केला. पण त्यांचा हात हलला नाही. तो डोक्यावर गेला आणि मूठ उघडली, मिटली. परत उघडली, मिटली.

मी छातीवर हात मारला. विचार करून नाही, आपोआप लागला तो.

रिक्षा गल्लीच्या तोंडाशी पोचली होती. "दादा, थांबवा," मी म्हटलं.

"काय राहिलं का, ताई?"

"व्हय," मी म्हटलं, आणि बॅग घेऊन उतरले. पुण्याच्या गाड्या काय, दिवसभर असतात.

चालत परत आले तर अम्मा दारात कमरेवर हात ठेवून उभी. "आता काय विसरलीस?" तिने विचारलं. मी तिला बाजूला सारून आत गेले. नाना फरशीवर कॉटला पाठ टेकून बसले होते आणि कॅसेटमध्ये फुंकर मारत होते. दुसरा रिमोट त्यांनी माझ्या जागेवर ठेवला होता.